बत्तीस बिटांचा काटा

यवतमाळातल्या एका महाविद्यालयाची इंटरनेट जोडणी 200 मेगाबिटची आहे, असे धरू. परीक्षेच्या अर्जांचे दिवस आहेत, सगळ्या प्रयोगशाळा भरल्या आहेत आणि वापर सतत 150 मेगाबिटच्या आसपास आहे. फायरवॉलचा ग्राफ मात्र साडेपस्तीस दाखवतो. मग पुरवठादाराला फोन जातो, फायरवॉल बंद-चालू होते, केबल बदलली जाते. तरी आकडा साडेपस्तीसच. एवढा नेमका चुकीचा आकडा उगाच येत नाही. त्याची वंशावळ कागदोपत्री शाबूत आहे आणि ती ऑगस्ट 1988 पर्यंत मागे जाते.

इंटरनेटचे नियम ज्या टिपणांत नोंदले जातात, त्यांना आरएफसी म्हणतात. एकदा क्रमांक पडला की त्या टिपणात फेरफार होत नाही. चूक सापडली तर नवे टिपण निघते आणि जुने आपल्या जागी तसेच राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून सोयीचे दप्तर मिळणे अवघड. ऑगस्ट 1988 मध्ये मार्शल रोझ आणि कीथ मॅक्लॉग्री यांच्या नावाने 1065 आणि 1066 क्रमांकांची टिपणे निघाली. यंत्रावरच्या मोजणीला ‘काउंटर’ म्हणावे, तो फक्त वाढावा, 4294967295 ला पोचला की पुन्हा शून्यापासून सुरू व्हावा, हे पहिल्यात ठरले. प्रत्येक जोडणीवर आत आलेल्या बाइट्सची एकूण संख्या या काउंटरात ठेवावी, हे दुसऱ्यात. जुन्या वीजमीटरचे आकडे 9999 नंतर 0000 होतात, तसाच हा प्रकार. वाचन घ्यायला येणारा माणूस मीटर एकदा उलटायच्या आत आला तर हिशेब बरोबर लागतो. दोनदा उलटल्यावर आला तर एक फेरा हरवतो आणि हरवल्याची खूणही राहत नाही.

1988 साली ही तरतूद अपुरी नव्हती. टोबियास ओटिकर याने स्वतःच नोंदवले आहे की 1994 मध्ये तो जिथे काम करत होता, तिथे बाहेरच्या जगाशी 64 किलोबिटची एकच तार होती आणि तिचे काय चालले आहे याचे सगळ्यांना कुतूहल होते. म्हणून त्याने वेबपानावर सतत ताजा होणारा आलेख काढणारी छोटी आज्ञावली लिहिली. तीच एमआरटीजी. दर पाच मिनिटांनी काउंटर वाचायचा, आधीचे वाचन वजा करायचे, सेकंदांनी भागायचे, एवढेच तिचे गणित. 64 किलोबिटची तार अखंड भरून वाहिली तरी काउंटरचा एक फेरा व्हायला सहा दिवसांहून अधिक लागतात. पाच मिनिटांची फेरी तिथे उधळपट्टीच होती. ती फेरी पुढच्या साधनांनी बहुधा न तपासताच उचलली, असे मला वाटते. 1999 साली ओटिकरनेच प्रसिद्ध केलेल्या आरआरडीटूलमध्येही न सांगता धरलेले अंतर 300 सेकंदच आहे.

आता भागाकार करू. बत्तीस बिटांत 4294967296 बाइट्सचा फेरा, म्हणजे सुमारे 34.36 अब्ज बिट. त्याला 300 ने भागले की 114.5 मेगाबिट येतात. वापर याच्या वर गेला की दोन वाचनांच्या मधे पुरा एक फेरा गडप होतो आणि ग्राफ उरलेलाच भाग दाखवतो. 150 मधून 114.5 गेले, उरले 35.5. हेच आपले महाविद्यालय.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीला 100 मेगाबिट देण्याचे उद्दिष्ट होते. हा आकडा 114.5 च्या जेमतेम आत बसतो. म्हणजे जुन्या काउंटरवर झरी जामणीच्या एखाद्या ग्रामपंचायतीचा ग्राफ खरे बोलेल. पण अनेक गावांच्या तारा जिथे एकत्र येतात, त्या तालुक्याच्या जोडणीचा ग्राफ भर दुपारी कोसळलेला दिसेल. वापर जितका जास्त, तितका हा दोष हटकून दिसतो. रात्री सगळे सुरळीत असते, आणि शंका भलत्याच माणसावर जाते.

दोष ओळखला गेला नव्हता असे नाही. एप्रिल 1993 च्या 1442 क्रमांकाच्या टिपणात चौसष्ट बिटांचा काउंटर आला आणि जानेवारी 1994 मध्ये मॅक्लॉग्री आणि फ्रँक कास्टेनहोल्झ यांनी 1573 मध्ये तो जोडण्यांना लावला. त्याचीच सुधारित आवृत्ती, जून 2000 चे 2863 क्रमांकाचे टिपण, या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद आहे. 10 मेगाबिटवर जुना काउंटर 57 मिनिटांत उलटतो, 100 वर 5.7 मिनिटांत, 1 गिगाबिटवर 34 सेकंदांत, असा हिशेब तिथे मांडला आहे. 20 मेगाबिटच्या वरच्या जोडणीला बाइट्ससाठी चौसष्ट बिट हवेतच, असा नियमही आहे. लेखक पुढे जाऊन सांगतात की सेकंदाला एक टेराबिट वाहिले तरी नवा काउंटर उलटायला जवळपास पाच वर्षे लागतील. समितीच्या रुक्ष लिखाणात एवढी मिश्किली क्वचित सापडते.

मग आजही घोळ का होतो? कारण यंत्राला काउंटर विचारण्याची भाषा म्हणजे एसएनएमपी, आणि तिच्या पहिल्या आवृत्तीतून चौसष्ट बिटांचा आकडा वाहून नेताच येत नाही. त्यासाठी निदान जानेवारी 1996 ची ‘टू-सी’ आवृत्ती लागते. फायरवॉलकडे खरा आकडा असतो, पण ग्राफ काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीत विचारत असेल तर तिला बत्तीस बिटांचाच मिळतो. यंत्र नवे आणि प्रश्न जुना, अशी ही गोष्ट. तपास इथूनच सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलटा दोषही असतो. वीज गेली, फायरवॉल पुन्हा सुरू झाली, काउंटर शून्यावर आला. ग्राफ समजतो की फेरा पूर्ण झाला. आधीचे वाचन 1 अब्ज असेल तर 10 मेगाबिटच्या तारेवर सुमारे 88 मेगाबिटचा सुळका उभा राहतो. आरआरडीटूलच्या दस्तऐवजात यावर डॉन बार्डा यांची टीप आहे: असा घोटाळा एकदाही चालणार नसेल तर ‘डिराइव्ह’ हा नोंदीचा प्रकार घ्या आणि किमान मर्यादा शून्य ठेवा, शंकास्पद वाचन मग ‘अज्ञात’ म्हणून नोंदले जाते. एमआरटीजीत कमाल मर्यादा घालता येते आणि तिच्या वरचे वाचन ती टाकून देते. पण जोडणी वाढवल्यावर ही मर्यादा वाढवायची राहिली, तर खरे आकडेही गाळले जातात.

जुने ग्राफ पुरावा म्हणून वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. एमआरटीजीत दिवसाच्या आलेखात पाच मिनिटांची सरासरी असते, आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची, महिन्याच्या आलेखात दोन तासांची आणि वर्षाच्या आलेखात अख्ख्या दिवसाची. काल 90 ला टेकलेले शिखर वर्षाच्या आलेखात 20 वर दिसले तर त्यात खोटेपणा नाही. मात्र त्यावरून ‘आपल्याला 20 पुरतात’ असा प्रस्ताव करणे चूक आहे.

म्हणून ज्यांच्याकडे असा ग्राफ आहे त्यांना विनंती: पुरवठादाराकडे तक्रार नोंदवण्याआधी, रहदारी नसलेल्या वेळी ठाऊक आकाराची एक मोठी फाइल उतरवा, आधीचे आणि नंतरचे काउंटर कागदावर लिहा आणि वजाबाकी करा. फरक फाइलीपेक्षा किंचित जास्त यावा, कारण वेष्टनाचे बाइट्सही मोजले जातात. तो फाइलीहून कमी आला, तर आधी एसएनएमपीची आवृत्ती तपासा.