हेसेचा फिलिप

हेसे, फिलिप पहिला : (१३ नोव्हेंबर १५०४–३१ मार्च १५६७). जर्मनीतील हेसे संस्थानाचा लांडग्राफ, म्हणजे थेट सम्राटाच्या अधिपत्याखालील संस्थानिक, आणि मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा खंदा राजकीय पाठीराखा. जन्म मारबुर्ग येथे. वडील विल्हेल्म दुसरा १५०९ मध्ये वारले तेव्हा त्याला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कारभार कोणाच्या हाती असावा यावरून आई आना आणि हेसेतील सरदारमंडळी यांच्यात अनेक वर्षे तंटा चालला. शेवटी १५१८ मध्ये सम्राट माक्सिमिलियनने तेरा वर्षांच्या फिलिपला सज्ञान ठरवून तो मिटवला.

१५२४ मध्ये त्याने नवा पंथ स्वीकारला. पुढच्याच वर्षी फ्रांकेनहाउझेन येथे शेतकऱ्यांचे बंड चिरडण्यात तो आघाडीवर होता. धर्मातली सुधारणा त्याला हवी होती, समाजातली उलथापालथ नव्हे. मठांच्या जप्त मालमत्तेचा मात्र त्याने चांगला विनियोग केला. मारबुर्गचे विद्यापीठ १५२७ मध्ये उभे राहिले आणि हायना येथील मठात १५३३ मध्ये खेड्यापाड्यांतील गोरगरिबांसाठी रुग्णालय निघाले. ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली यांचा समेट व्हावा म्हणून १५२९ मध्ये त्याने दोघांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवले. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते का, या एका प्रश्नावर घोडे अडले. ल्यूथरने ‘हे माझे शरीर’ या अर्थाचे लॅटिन शब्द खडूने मेजावर लिहून ठेवले होते. तो तसूभर हलला नाही. तरीही १५३१ मध्ये फिलिप आणि सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडणुकीत मत असलेला संस्थानिक) यांच्या पुढाकाराने प्रॉटेस्टंट संस्थानांचा श्मालकाल्डन संघ स्थापन झाला.

फिलिपचे राजकारण आणि त्याचा संसार चरित्रकार अनेकदा वेगवेगळ्या प्रकरणांत टाकतात. ते योग्य नाही, कारण पहिल्याचा घात दुसऱ्याने केला. सॅक्सनीच्या ड्यूक गेओर्गची मुलगी क्रिस्टिने हिच्याशी त्याचे १५२३ च्या अखेरीस लग्न झाले. तो तिच्याशी कधीच एकनिष्ठ राहिला नाही आणि त्याची टोचणी त्याला होती. प्रभुभोजनाला बसण्याचेही तो टाळी. बहिणीच्या परिवारातील मार्गारेटे फोन डेर झाले या तरुणीवर त्याचे मन बसले तेव्हा तिच्या आईने रखेलपणाला साफ नकार दिला आणि साक्षीदारांसमोर रीतसर लग्नच मागितले. जुन्या करारातल्या कुलपुरुषांना अनेक बायका होत्या, मग मला का नको, असा फिलिपचा युक्तिवाद होता. घटस्फोटापेक्षा गुप्त दुसरे लग्न परवडले, असा सल्ला डिसेंबर १५३९ मध्ये ल्यूथर, मेलांख्थोन आणि बुत्सर या सुधारकांनी दिला. क्रिस्टिनेने लेखी संमती दिली, पण वारसा आपल्याच मुलांचा राहील अशी अट घालून. ४ मार्च १५४० रोजी फुल्डाकाठच्या रोटेनबुर्गमध्ये लग्न लागले. मेलांख्थोन आणि बुत्सर हजर होते. आभारादाखल ल्यूथरकडे ऱ्हाइनकाठच्या वाइनचे पिंप रवाना झाले.

झाकली मूठ काही महिन्यांतच उघडी पडली. साम्राज्याच्या १५३२ च्या दंडसंहितेनुसार द्विभार्या हा जबर शिक्षेचा गुन्हा होता आणि फिलिपची मान सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती सापडली. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे अभयाच्या मोबदल्यात त्याने गुप्त करार केला : फ्रान्सशी संधान बांधायचे नाही, क्लेव्हेच्या ड्यूकला संघात घ्यायचे नाही. संघाचे दात इथेच पडले. पुढे सम्राट आणि संघ यांच्यात युद्ध पेटले आणि १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईने त्याचा निकाल लागला. तुरुंगात टाकणार नाहीत, ही जावई, सॅक्सनीच्या मोरित्सची आणि ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरची हमी घेऊन फिलिपने १९ जूनला हाले येथे सम्राटापुढे गुडघे टेकले. त्याच रात्री सम्राटाचा सेनापती ड्यूक ऑफ आल्बा याच्याकडच्या जेवणानंतर त्याला अटक झाली. पाच वर्षे तो कैदेत होता, त्यातला बहुतेक काळ नेदरलँड्समध्ये. दरम्यान १५४९ मध्ये क्रिस्टिने वारली. दिल्या शब्दाची लाज वाटलेल्या मोरित्सने (त्यात स्वार्थही होताच) १५५२ मध्ये सम्राटावरच शस्त्र उचलले आणि सासऱ्याची सुटका झाली.

क्रिस्टिनेपासून त्याला दहा अपत्ये झाली. त्यांपैकी तीन सवत आल्यानंतरची आहेत. धाकटा गेओर्ग तर बापाच्या अटकेनंतर सप्टेंबर १५४७ मध्ये जन्मला. थोरली आग्नेस मोरित्सला दिली होती. त्यांची मुलगी आना हिने आजोबांचा विरोध डावलून १५६१ मध्ये, पुढे डच बंडाचा पुढारी झालेल्या ऑरेंजच्या विल्यमशी लग्न केले. त्यांचा मुलगा मॉरिस. त्याचेच नाव डच खलाशांनी १५९८ मध्ये एका बेटाला दिले. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेले मॉरिशस ते हेच.

मृत्युपत्राने फिलिपने राज्य चार मुलांत वाटले. विल्हेल्म चौथ्याला कासेलसह सुमारे निम्मे, लुडविगला मारबुर्ग, फिलिप दुसऱ्याला राइनफेल्स आणि गेओर्गला डार्मश्टाट मिळाले. एकसंध हेसे त्यानंतर कायमचे फुटले. मारबुर्गची शाखा १६०४ मध्ये निर्वंश झाल्यावर तिच्या वाट्यावरून कासेल व डार्मश्टाट हे भाऊबंद कित्येक वर्षे भांडत राहिले. विल्हेल्मला ग्रहताऱ्यांचा नाद होता. त्याच्या कासेलच्या वेधशाळेत १५७५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ट्यूको ब्राहे येऊन गेला. मार्गारेटेच्या मुलांना ‘डीत्सचे काउंट’ हा किताब आणि काही जहागिऱ्या मिळाल्या, राज्य नाही. बहुतेक तरुणपणीच गेले. मागे उरलेल्या क्रिस्टोफ अर्न्स्टला स्त्रियांवरील अत्याचारांबद्दल सावत्र भावांनी १५७० मध्ये पकडून त्सीगेनहाइनच्या किल्ल्यात डांबले. १६०३ मध्ये तो कैदेतच मेला. जहागिऱ्या थोरल्या घराकडे परत गेल्या.