बारडचा डोंगर : संजाणचा अग्नी जिथे लपला, त्या गुहेपर्यंतची गोल वाट

सिल्वासा : रविवारी सकाळी निघून संध्याकाळच्या आत घरी परतायचं आणि डोंगरही चढायचा, तर आपल्या भागातल्या लोकांसाठी बारड हे चांगलं ठिकाण. पालघर जिल्ह्यात, बोर्डी-घोलवडच्या मागे हा डोंगर उभा आहे. पारशी मंडळी त्याला बहारोट म्हणतात. उंची साधारण दीड हजार फूट. माथ्याच्या जवळ कातळात कोरलेली गुहा आहे आणि पारशी समाजासाठी ती तीर्थाची जागा आहे.

गुहेची गोष्ट काय?

इराणातून आलेले पारशी संजाणला उतरले. तिथे त्यांनी पवित्र अग्नी स्थापन केला, तोच 'इराणशाह'. पुढे सुलतानाच्या फौजेने संजाण घेतले. हे नेमके कोणत्या साली घडले यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोणी चौदावे शतक सांगतात, कोणी 1465 च्या आसपासचा काळ. नवसारीचे धर्मगुरू बहमन कैकोबाद यांनी 1599-1600 च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात पुढची हकीकत आहे. वाचलेले लोक अग्नी घेऊन या डोंगरावर आले आणि बारा वर्षे राहिले. तिथून अग्नी वांसद्याला गेला, मग नवसारीला. 1742 पासून तो उदवाड्यात आहे आणि आजही तेवतो आहे.

आता नकाशा बघा. संजाण गुजरातमध्ये, उदवाडाही गुजरातमध्ये, मधला लपण्याचा डोंगर महाराष्ट्रात आणि आपण राहतो केंद्रशासित प्रदेशात. संजाणला 1920 चा स्मृतिस्तंभ आहे, उदवाड्याला यात्रेकरूंची वर्दळ असते. बारडला मात्र पायी चढूनच जावं लागतं.

कसे जाल?

गाडीने सिल्वासाहून भिलाड, मग संजाण-उंबरगाव-झाई करत बोर्डी. रस्ता मोकळा असला तर दीड तास धरा. बोर्डीहून आत अस्वाली गाव आणि धरण लागते. चढाई तिथून सुरू होते. रेल्वेने यायचं तर वापी किंवा भिलाडहून घोलवडला उतरा आणि पुढे रिक्षा करा. घोलवडला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

वाट कशी आहे?

चढाई मध्यम. रोज चालायची सवय असलेल्याला गुहेपर्यंत दीड ते दोन तास लागतात. सुरुवातीला झाडी आणि पाड्यांवरच्या लोकांच्या पायवाटा, पुढे उभा चढ आणि सुटे दगड. गुहा बघून माथ्यावर जायचं आणि दुसऱ्या वाटेने धरणाकडे उतरायचं, अशी गोल फेरी थांबत-थांबत चार-पाच तासांत होते. हवा स्वच्छ असली तर वरून समुद्र आणि बोर्डीचा किनारा दिसतो.

अडचण उतरताना येते. गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा एकमेकींत मिसळतात आणि चुकीची धरली की माणूस भलत्याच पाड्यावर उतरतो. म्हणून अस्वालीतूनच एखादा माहीतगार वारली दादा सोबत घ्या. त्याची दिवसाची मजुरी निघण्याआधी ठरवा आणि नीट द्या. तसा माणूस मिळाला नाही, तर गोल फेरीचा हट्ट नको. आल्या वाटेनेच परत या.

गुहेत काय आहे?

भव्य शिल्पं वगैरे शोधायला जाऊ नका. साधा, झिजलेला कातळ आणि पाण्याची खोदलेली टाकी. ते पाणी पिऊ नका. कातळाचा काही भाग ढासळलेला आहे. त्यात नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. त्यामुळे भेगा पडलेल्या छताखाली जेवणाचे डबे उघडून बसू नये. धक्का जाणवला तर लगेच उघड्यावर यावं.

एवढं पाळा

- ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसात कातळ निसरडा होतो, एप्रिल-मेमध्ये ऊन सोसत नाही.
- माणशी किमान तीन लिटर पाणी न्या. पकड असलेले बूट घाला.
- सकाळी सातच्या आत चढायला लागा, चारच्या आत खाली या.
- गुहेत चपला-बूट काढा, मोठ्याने गाणी लावू नका. भिंतीवर नावं लिहू नका. खरवडलेला कातळ परत भरून येत नाही.
- चूल, शेकोटी, सिगारेट नको. उन्हाळ्याकडे गवत वाळतं आणि एका काडीने अख्खा उतार पेटतो. खाली पाडे आहेत.
- दारू नेऊ नका. कचरा पिशवीत भरून खाली आणा.

परतताना बोर्डी-घोलवडला चिकू घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आणि वेळ उरला तर संजाणचा स्तंभ वाटेतच आहे. आधी गुहा आणि मग स्तंभ बघितला, की संजाण सोडून या डोंगराकडे निघालेल्या माणसांना किती चालावं लागलं असेल, ते आपल्याच पायांना कळतं.