दुभंगलेल्या टाळूचा अलिखित इतिहास

मराठी मुलखातील शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे बहुधा कावसजीच्या नाकापासून आरंभ करतात. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडलेल्या या गाडीवानाचे नाक कापले गेले; पुढे पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले; आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत छापली. सुश्रुताने नाकाच्या विवेचनालाच जोडून ओठ सांधण्याचाही उल्लेख केलेला आहे. चीनमध्ये इ. स. ३९० च्या सुमारास एका तरुणाचा जन्मतः फाटलेला ओठ शिवला गेला, तोही शंभर दिवस बोलायचे नाही आणि पेजेवर राहायचे या अटीवर. पुढे तो मोठ्या पदावर चढला म्हणतात. या सगळ्या हकीकती पुरुषांच्या आहेत. बाई या इतिहासात येते ती मुख्यतः आई म्हणून, आणि तीही आरोपी म्हणून.

‘ग्रहणात काय चिरलेस?’ हा तो आरोप. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी मुंबईचे रस्ते भरदुपारी ओस पडले होते हे आमच्या पिढीला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक आहे. गर्भवतीने विळी हाती घेतली तर मुलाचा ओठ चिरतो, या समजुतीत चिरण्याला चिरण्याशी जोडणारे जुने यातुतर्क आहे. मेक्सिकोतही ग्रहण म्हणजे चंद्राचा घेतलेला चावा, आणि म्हणून गर्भवतीने अंगावर धातूची वस्तू बाळगावी, असे मानत आले आहेत. गर्भविज्ञान मात्र वेगळेच वेळापत्रक सांगते. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधला जातो, टाळू बाराव्याच्या आत. पुष्कळदा स्त्रीला दिवस गेल्याचे कळते न कळते तोच ओठाचा निकाल लागलेला असतो. सातव्या महिन्यात पाळलेल्या किंवा मोडलेल्या ग्रहणाचा त्याच्याशी संबंध पोहोचत नाही. समजूत मात्र नऊही महिन्यांना पुरून उरते.

या व्यंगाची स्त्री-पुरुष वाटणीही लक्षात घेण्याजोगी आहे. फाटलेला ओठ मुलग्यांत अधिक आढळतो. ओठ शाबूत आणि केवळ टाळू दुभंगलेली, हा प्रकार मुलींत अधिक. मुलींमध्ये टाळूचे दोन पडदे थोडे उशिरा जुळतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे बायकांच्या वाट्याला आलेले व्यंग पुष्कळदा चेहऱ्यावर दिसतच नाही. ते ऐकू येते.

भाषा शिकवणाऱ्यांना हे ऐकणे चांगलेच परिचित असायला हवे. आपल्या वर्णमालेत प्रत्येक वर्गाचा पाचवा वर्ण अनुनासिक. टाळू नीट मिटली नाही की वारा नाकावाटे निसटतो आणि वर्गातले पहिले चार वर्ण पाचव्याकडे घसरू लागतात. ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’. ‘बाबा’ म्हणायला जावे तर ‘मामा’ ऐकू येते. घरात त्यावर हसू होते, शाळेत ‘गेंगाणी’ हे नाव पडते, आणि पुढे कांदेपोह्यांच्या बैठकीत ‘नाव काय?’ हा सर्वांत साधा प्रश्न सर्वांत कठीण होऊन बसतो. फोटो पसंत पडलेला असतो. नकार येतो तो नावानंतर. आमच्या तोंडी परीक्षांतही लेखी उत्तरपत्रिकेत चमकलेली एखादी विद्यार्थिनी दोन-दोन शब्दांत उत्तरे संपवते. ती हुशारीने ‘म’ आणि ‘न’चे शब्द निवडत असते, हे ओळखायला परीक्षकाचा कान हवा.

उपचारांचा भूगोलही पाहावा. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली; पण केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, जे. जे. भायखळ्याला, आणि त्यातल्या त्यात जवळचे म्हटले तर शीव. वाचोपचाराची केंद्र सरकारची मोठी संस्था, अली यावर जंग संस्था, १९८३ पासून वांद्र्याला आहे. शस्त्रक्रिया एकदा होते, वाचोपचाराला पुनःपुन्हा जावे लागते. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या आईला दर खेपेला अर्धा दिवस लोकलच्या गर्दीत घालवावा लागे, आणि मुलीसाठी असा अर्धा दिवस किती घरांतून निघे? मोठेपणी टाळू शिवली तर भोक बुजते, पण इतक्या वर्षांत जिभेला लागलेले वळण सुईदोऱ्याने सुटत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आमच्याच पश्चिम रेल्वेवरच्या पालघरला झाला. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्याच्या यादीत आहेत, आणि ही गोष्ट निःसंशय मोठी आहे. मात्र तो जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतचा. ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळू वर्षाच्या आसपास, हिरडीतले हाड आठ ते अकराच्या दरम्यान, हे सारे त्यात बसते. मागे राहिलेला वरचा जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया मात्र हाडांची वाढ थांबल्यावरच करतात, म्हणजे नेमकी अठराच्या उंबरठ्यावर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अॅसिडहल्ल्यात विद्रूप झालेल्या चेहऱ्याला स्थान दिले, ते योग्यच. जन्मतः दुभंगलेल्या चेहऱ्याचे नाव त्या यादीत नाही.

यातूनही लग्न झालेल्या बाईपुढे पुढचा प्रश्न उभा राहतो तो मुलाचा. आईला व्यंग असता मुलाला ते असण्याचा संभव साधारण शंभरात दोन ते आठ इतकाच. उलट बाजूने नव्वदांहून अधिक निर्धोक. पण सोनोग्राफीत ओठ दिसतो, एकटी टाळू सहसा दिसत नाही. तेव्हा प्रसूतीनंतर कोणीतरी बाळाच्या तोंडात बोट घालून पाहीपर्यंत तिला थांबावे लागते. त्या नऊ महिन्यांत ग्रहण आले तर घरातली विळी, सुरी, सुईदेखील उचलून ठेवली जाते. आणि जिने आयुष्यभर त्या विळीचा आळ आपल्या आईवर ऐकला, तीच आता दारे लावून आत बसते. २ ऑगस्ट २०२७ रोजी संध्याकाळी मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचे आहे, आषाढातल्या ढगांनी दिसू दिले तर.