बोटभर वाट

घसा दुखतो, ताप येतो, आठवड्याभरात मूल खेळायला लागते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. हा ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध शरीराने उभी केलेली फौज स्वतःच्याच ऊतींवर उलटते. सांधे पूर्ववत होतात. हृदयाची झडप मात्र अनेकदा होत नाही. डाव्या कर्णिकेतून जवनिकेत रक्त सोडणाऱ्या मायट्रल झडपेच्या पाकळ्या जाड होतात, कडेने चिकटतात. ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट कधी कधी एकावर येते. रक्त फुप्फुसात तुंबते आणि जिना चढताना धाप लागते.

ही वाट शस्त्राने मोकळी करावी, असे लॉडर ब्रंटन यांनी १९०२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून सुचवले, तेव्हा त्यांच्यावर टीकाच झाली. १९२३ मध्ये बोस्टनच्या एलियट कटलर यांनी एका लहान मुलीची झडप सुरीने कापली. ती वाचली, पण पुढचे बहुतेक रुग्ण दगावले, कारण झडपेचा तुकडाच काढल्यावर रक्त उलटे वाहू लागे. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सुटार यांनी धडधडत्या हृदयात तर्जनी घालून झडप चाचपली आणि बोटानेच रुंद केली. मुलगी बरी झाली. तरीही त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण कोणी पाठवला नाही. दोष झडपेचा नसून हृदयाच्या स्नायूचा आहे, असे त्या काळच्या नामवंत वैद्यांचे मत होते. हात तयार होता; अडवले ते मताने.

तेवीस वर्षे अशीच गेली. आधीचे रुग्ण गमावलेल्या चार्ल्स बेली यांनी १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरवल्या. एकीकडे अपयश आले तरी दुसरीकडचे दार बंद होऊ नये म्हणून. सकाळचा रुग्ण गेला, दुपारची तरुणी वाचली. सहा दिवसांनी बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन आणि सप्टेंबरात लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनाही यश आले.

१९५० च्या दशकात ही शस्त्रक्रिया भारतात आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती केली. हृदय-फुप्फुस यंत्र न लागणारी ही स्वस्त पद्धत श्रीमंत देशांत मागे पडल्यावरही आपल्याकडे कित्येक दशके टिकली. १९८४ मध्ये जपानच्या कांजी इनोउए यांनी छाती न उघडता फुग्याने झडप रुंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली देशी कृत्रिम झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली.

पण शस्त्र वाट उघडते, रोग थांबवत नाही. ताप पुन्हा उलटला, तर झडप आणखी बिघडते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आणि हा रोग रमतो तो दाटीवाटीच्या खोल्यांत, जिथे एकाचा खोकला दहाजणांपर्यंत पोचतो. ज्या देशांत घरे मोकळी झाली, तिथे पेनिसिलिन येण्याआधीच तो ओसरू लागला होता. झडपेच्या इतिहासात शल्यविशारदांची नावे राहिली. गवंड्यांचीही राहायला हवी होती.