जिराईत, बागाईत आणि संगमनेरची उपजीविका

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर संगमनेर वसले आहे. यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ (इ. स. १०००) चा ताम्रपट येथे सापडला असून त्यावरून वस्तीच्या प्राचीनत्वाची कल्पना येते. तथापि दोन नद्यांचे सान्निध्य लाभूनही या तालुक्यातील पुष्कळ शेती पावसावरच अवलंबून राहिली. या विसंगतीचे कारण भूगोलात आहे, तसेच पाटबंधाऱ्यांच्या इतिहासातही आहे.

प्रवरेचा उगम सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या प्रदेशात होतो; संगमनेर मात्र पर्जन्यछायेत येते. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी नदीपात्रातून संगमनेरवरून वाहत जाते आणि गावाच्या खालच्या अंगास, ओझर येथील बंधाऱ्यापाशी, डाव्या व उजव्या कालव्यांत वळविले जाते. साहजिकच उसाचे मळे मुख्यतः खालच्या भागात फुलले, आणि १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो प्रवरानगरास.

भाषेतही या विभागणीची खूण आढळते. 'जिराईत' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ केवळ 'शेती' असा आहे. मराठीत 'बागाईत' या शब्दाच्या विरोधात तो वापरला जाऊ लागला आणि त्यास 'पावसावरची कोरडवाहू शेती' असा संकुचित अर्थ प्राप्त झाला. बाजरीचे एक पीक बुडाले म्हणजे वर्षाची बेगमी बुडाली, हा अनुभव त्या एका शब्दात सामावला आहे.

अशा स्थितीत जमिनीने जे दिले नाही ते हातांनी मिळवावे लागले. पूर्वी हातमागाने आणि पुढे विडी-उद्योगाने या गावास आधार दिला. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू व दोरा घरी आणावयाचा; पाने भिजवून कापावयाची, विड्या वळून मोजून द्यावयाच्या, आणि हजारी दराने मजुरी घ्यावयाची, हा असंख्य स्त्रियांचा नित्यक्रम झाला. त्यांच्या श्रमांस कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने. त्यानंतर दुग्धव्यवसायाने व डाळिंबाच्या बागांनी उत्पन्नात भर घातली.

१९७० च्या सुमारास योजलेल्या निळवंडे प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ साली झाले. नदीच्या वरच्या अंगास वळविलेले हे पाणी कोरडवाहू गावांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा हेतू आहे. मधली अर्धशतकाची प्रतीक्षा ज्यांच्या मजुरीवर निभावली, त्या विडी वळणाऱ्या हातांची नोंद घेतल्यावाचून या प्रदेशाचा कृषी-इतिहास पूर्ण होणार नाही.