बेलम गुहा : कडप्पा फरशीच्या मुलखातली पाताळयात्रा

हैदराबाद, सोलापूर, बेळगावकडच्या मंडळींना दोन-तीन दिवसांच्या सहलीत जमिनीखालचं एक वेगळंच जग बघायचं असेल, तर आंध्र प्रदेशातल्या बेलम गुहांचा विचार जरूर करावा. नंद्याल जिल्ह्यात (२०२२ पूर्वीचा कर्नूल जिल्हा) कोलिमिगुंड्लाजवळ सपाट शेतजमिनीखाली या गुहा पसरल्या आहेत. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर. भारतात याहून लांब गुहा मेघालयात आहेत. पण मैदानी भागातली, सामान्य पर्यटकांसाठी खुली असलेली एवढी मोठी गुहा दुसरी नाही. ‘बेलम’ हे नाव ‘बिलम्’वरून आलं, म्हणजे आपलं मराठी ‘बीळ’च!

लेणी वेगळी, गुहा वेगळी

आपल्याकडे गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ आठवतं. पण ती लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने बेसॉल्टमध्ये कोरलेली. बेलम पाण्याने कोरली आहे, कारण इथला खडक चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, भेगांतून उतरतं आणि चुनखडी विरघळवत जातं. भेगांच्या वाटा होतात, वाटांची दालनं होतात. अशा प्रदेशाला भूगोलात ‘कार्स्ट’ म्हणतात.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ओट्याची काळी कडप्पा फरशी याच चुनखडीच्या पट्ट्यातून येते. तिच्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की पांढरट डाग पडतो. तेच काम पाण्याने इथे लाखो वर्षं केलं.

कचऱ्याच्या खड्ड्यापासून पर्यटनस्थळापर्यंत

भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहांची नोंद केली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९८२-८३ मध्ये एच. डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने आत उतरून गुहांचा सविस्तर अभ्यास केला. तरीही १९८८ पर्यंत आसपासचा कचरा इथेच टाकला जायचा. स्थानिकांनी पाठपुरावा केला, १९९९ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाने ताबा घेतला आणि गाळ-कचरा काढून, वाटा व दिवे बसवून २००२ मध्ये गुहा लोकांसाठी खुल्या झाल्या.

आत काय पाहाल?

विहिरीसारख्या खड्ड्यातून पायऱ्या उतरून आत जावं लागतं. पुढे कुठे प्रशस्त दालन, तर कुठे वाकून जावं लागेल अशी अरुंद वाट.

- कोटिलिंगालू : छतातून लोंबणारे असंख्य लवणस्तंभ, शिवलिंगांच्या आकाराचे.
- सप्तस्वर गुहा : इथल्या खडकावर लाकडाने टकटक केली की धातूसारखा नाद येतो.
- ध्यानमंदिर : इथे बौद्ध भिक्खू राहत असावेत असं मानलं जातं. इथले अवशेष अनंतपूरच्या संग्रहालयात आहेत.
- पाताळगंगा : प्रवेशापासून सुमारे ४६ मीटर खाली, सर्वांत खोल जागा. बारमाही झरा इथे खडकात गडप होतो.

कसं जाल, काय सांभाळाल?

जवळचं सोयीचं स्टेशन ताडिपत्री, सुमारे ३० किमी. ते मुंबई-चेन्नई मार्गावर असल्याने सोलापूरकरांना सोपं. बेळगावकरांनी हुबळी-बळ्ळारी-गुंतकल मार्गे यावं. हैदराबादहून कर्नूलमार्गे रस्त्याने साधारण ३२० किमी.

आत हवा खेळती ठेवायची सोय असली तरी उकाडा आणि दमटपणा जाणवतो. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा बंद जागेत घाबरणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. सुती कपडे, न घसरणारी चप्पल-बूट आणि पाण्याची बाटली हवीच. उन्हाळा टाळून, सकाळी लवकर गेलेलं बरं.

जोडीला यागंटीचं उमामहेश्वर मंदिर बघता येतं. तिथेही डोंगरात नैसर्गिक गुहा आहेत, आणि तिथला नंदी दरवर्षी वाढतो अशी भाविकांची श्रद्धा आहे. पेन्ना नदीच्या घळईवरचा गंडीकोटा किल्लाही याच सहलीत जमतो.

एवढं लांब जमणार नसेल तर बेळगाव-गोव्याकडच्यांना कुमट्याजवळचं याणा जवळ पडेल. तिथे काळ्या चुनखडीचे दोन प्रचंड सुळके आहेत. भैरवेश्वर शिखर सुमारे १२० मीटर उंच.

हात लावू नका, एवढं तरी करा

लवणस्तंभ थेंबाथेंबाने वाढतो. शंभर वर्षांत काही सेंटीमीटर वाढला तरी खूप. हाताचा तेलकटपणा लागला की पाणी त्यावर नीट पसरत नाही आणि वाढ खुंटते. मोडलेला तुकडा घरी नेला तर तो आपल्या कितीतरी पिढ्यांत परत येणार नाही. याच पट्ट्यात फरशीच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. चुनखडी सगळ्यांनाच हवी आहे, आपल्या ओट्यालाही. म्हणूनच राखून ठेवलेल्या या तीन-सव्वातीन किलोमीटरवर तरी कुणी नाव कोरू नये. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे आत उतरण्याआधीच सांगा.