इमारतीच्या उष्णतेचा हिशेब

घर बांधण्याआधीच त्याच्या उष्णतेचा आणि विजेचा हिशेब गणकयंत्राकडून मांडून घ्यावा, यात आज कोणाला नवल वाटत नाही. पण श्रोतेहो, या विद्येला खरी निकड आली ती टंचाईमुळे. 1973 च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा तोडला. पुढच्याच महिन्यात, एका शुक्रवारी रात्री, कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या प्रयोगशाळेतून आर्थर रोझेनफेल्ड घरी निघाले होते. हे फर्मीचे शिष्य, विषय मूलकणांचा. मजल्यावरील वीस खोल्यांचे दिवे विझवून जावे असे त्यांच्या मनात आले, तर बटणेच सापडेनात! कुठे कपाटाआड, कुठे भित्तिपत्रकाखाली. वीस मिनिटे शोधण्यात गेली. या गृहस्थांनी पुढे मूलकण सोडले आणि इमारतींचा हिशेब हाती घेतला.

हा हिशेब वाटतो तितका सोपा नव्हे. जाड भिंतींच्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ठाऊक आहे, की दुपारचे ऊन भिंतीतून आत पोचते ते तिन्हीसांजेला. म्हणजे या घटकेची उष्णता काढावयाची तर मागील कित्येक तासांचे स्मरण ठेवावे लागते. कॅनडातील स्टीफन्सन व मितालास यांनी 1967 साली या गणिताची सुटसुटीत रीत दिली. तरीही वर्षाचे 8,760 तास, आणि प्रत्येक तासाचे ऊन, वारा, माणसे, दिवे! ही आकडेमोड कारकुनाच्या हातून कधी व्हावयाची?

बर्कलीत 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘डीओई-2’ ही आज्ञावली सिद्ध झाली. तिचा आणि अमेरिकी सैन्याच्या ‘ब्लास्ट’चा वारसा घेऊन 2001 साली ‘एनर्जीप्लस’ आली. ती कोणालाही विनामूल्य मिळते. दिवे कोण केव्हा विझवील हे मात्र तिला समजत नाही. आपण जे गृहीत धरू तेच ती खरे मानते.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 साली आली, आणि तिने हा मार्ग मान्य केला. आपला आराखडा व संहितेबरहुकूम बेतलेली तशीच इमारत, या दोहोंची वर्षाची वीज ताडून पाहावयाची. रीत उत्तम आहे. आमचे भांडण आहे ते वेळेशी. पश्चिमेला काचेची भिंत ठरते, नकाशा मंजूर होतो, आणि मग हिशेबनिसाला बोलावणे जाते! त्याने बिचाऱ्याने वातानुकूलनाचे यंत्र केवढे हवे एवढेच सांगावे. खिडकी कोणत्या दिशेला, तिच्यावर छज्जा किती, हे कच्च्या आराखड्याच्या वेळीच विचारले असते तर एक रेघ पुसून काम भागले असते.